मेथी एक माप

ता. ४ जून

ती. आत्यास,

लवंगीचा सा. न. वि. वि. एरवी ही अक्षरं मी सवयीने लिहून टाकते, पण या खेपेला विनंती खरोखरच विशेष आहे. चष्मा लावून वाच.

मी कुठे नोकरी करते हे तुला माहीत आहे, आणि ते तू कुणाला सांगत नाहीस हे मला माहीत आहे. खालच्या घड्याळजींना तू म्हणालीस की भाची प्रयोगशाळेत असते. तसं खोटं नाही ते. फक्त आमच्या प्रयोगशाळेत शेगड्या आहेत आणि तिथे सूपची पाकिटं, तयार मसाले आणि केकचं पीठ जन्माला येतं.

वर्षभर मी तिथे पाकिटांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. मार्चमध्ये मला आणि आणखी दोघींना चवीच्या विभागात सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं. एकतीस ऑगस्टला तिघींनी आपापलं एकेक सूप मोठ्या बाईंपुढे ठेवायचं. जमलं तर कायम, नाही तर परत चिठ्ठ्या. आत्या, मला परत चिठ्ठ्या चिकटवायच्या नाहीत. या कामात मला सकाळी उठावंसं वाटतं, असं पहिल्यांदाच होतंय.

आजवर माझी दोन सुपं नापास झाली. पहिलं चाखून बाई म्हणाल्या की पुठ्ठा भिजवला होता का. दुसरं चाखून त्या नुसत्या पाणी प्यायल्या. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, की माझ्या आत्याने बावीस वर्षं वसतिगृहातल्या दोनशे मुलींना मसुराचं सूप करून घातलंय आणि एकीनेही कधी वाटीत उरवलं नाही, मी तिचा मसाला आणते. जिभेला हाड नसतं. बाईंनी ते लगेच वहीत लिहून घेतलं.

तेव्हा मसाल्याची यादी पाठव. ग्रॅममध्ये.

कळावे, लोभ असावा, आणि हे वाचून झाल्यावरही असावा.

तुझी,
लवंगी

---

ता. १२ जून

चि. लवंगीस,

आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद, त्यातले दोन-तीन मी रागाने परत घेणार होते, पण राहू देत.

ग्रॅम कुणाचे मागतेस? मी माझ्या भाच्यांना कधी ग्रॅमने वाढलं नाही. आणि पाकिटात भरायला? पाकीट फाडून पाण्यात टाकलं आणि म्हणे स्वयंपाक झाला! मग नळ सोडला की पाऊस पडला म्हणायचं. मसाला कढईत वास सोडतो, त्या वासाकडे बघून आपण आच कमी-जास्त करायची, हे सगळं त्या पाकिटात कुठल्या कोपऱ्यात भरणार आहेस?

आमचे घड्याळजी तुमच्याच सुपावर जगतात. बायको गेल्यापासून रोज रात्रीचं जेवण म्हणजे एक पाकीट. त्यावर चार मिनिटं ढवळा असं छापलेलं असतं म्हणून दुरुस्तीला आलेली तीन घड्याळं समोर मांडून ढवळतात, आणि तिन्ही वेगवेगळी वेळ दाखवतात. परवा मी माझं सूप नेऊन दिलं. चाटूनपुसून प्यायले आणि म्हणाले, दोन्ही आपापल्या जागी चांगली आहेत. चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

पण तू सकाळी उठावंसं वाटतं असं लिहिलंस. लहानपणी तुला उठवायला तीन माणसं लागायची. त्या एका वाक्यासाठी देते.

ग्रॅम मला येत नाहीत, म्हणून हातच पाठवते आहे. सोबत पुड्या आहेत. धण्याची पुडी म्हणजे माझ्या दोन ओंजळी. जिऱ्याची म्हणजे उजवी मूठ, मन शांत असतानाची. मिरीच्या सात चिमटी. सुक्या मिरच्या आठ, मोजून. तू त्यांचं वजन कर, काय करायचं ते कर. मेथीची पुडी मुद्दाम पाठवत नाही. आई म्हणायची, सगळ्या बाबतीत हातावर विश्वास ठेव, मेथीच्या बाबतीत ठेवू नकोस. म्हणून मेथी तेवढी मापाने, एक माप, काठोकाठ. ते पितळेचं माप तुमच्याकडेही आहे. जोडी होती, आईच्या पश्चात एक इथे राहिलं, एक तुझ्या आईने नेलं. तेच वापर.

भाजताना प्रत्येक जिन्नस वेगळा. मेथी सोन्याच्या रंगावर काढायची, तांब्याच्या नाही. चुलीपाशी भिंतीत तो वाकडा खिळा आहे ना, कुणा आडदांडाने ठोकलेला, त्यावर मी गाळणी टांगते. मेथी टाकली की गाळणी काढायची, पुसायची, परत टांगायची. तेवढ्यात मेथी होते. तुमच्या प्रयोगशाळेत वाकडा खिळा नसेल तर तुझं तू बघ.

फोनवर विचारू नकोस. फोनवर तू हो हो म्हणतेस आणि विसरतेस.

लोभ आहेच, तो पाकिटात भरू नये.

तुझी,
आत्या

---

ता. ३ जुलै

ती. आत्यास,

सा. न. पुड्या पोचल्या. फाटकावरच्या रखवालदाराने एकेक उघडून बघितली. उजवी मूठ, मन शांत असतानाची, हे त्याने मोठ्याने वाचलं आणि आता सगळा कारखाना मला त्या नावाने हाक मारतो.

वजनं घेतली. आईला माप मागितलं तर तिने ते एवढ्या तत्परतेने पाठवलं की मलाच नवल वाटलं. मेथी एक माप, काठोकाठ, वीस ग्रॅम भरली. सोन्याच्या रंगावर काढली. खिळा नाही म्हणून मी चष्मा काढते, पुसते, परत घालते.

आत्या, सूप कडू झालं. तू म्हणशील जळलं असेल. मी सात वेळा केलं. कमी भाजून, जास्त भाजून, कढई बदलून. सातही वेळा घशाशी कडू. पहिल्यांदा तोंडाला बरं वाटतं आणि मग मागून येतं, न बोलावलेल्या पाहुण्यासारखं. मोठ्या बाईंनी विचारलं की दोनशे मुली बावीस वर्षं हे पीत होत्या, तर त्यांना दुसरं काही मिळत नव्हतं का. मी मान खाली घातली, तुझ्या वतीने.

म्हणून भीतभीत विचारते. यादीतलं काही राहिलं का? आईला विचारलं तर ती हसली. नुसती हसली असती तर बरं झालं असतं, म्हणाली सविस्तर पत्र लिहिते.

आणि पाकिटांवर एवढी रागावू नकोस. माझ्या शेजारच्या खोलीत एक नर्स राहते. बारा तास पायांवर उभं राहून येते, उभ्याउभ्याच पाकीट फाडते, सूप पिते आणि कपडे न बदलता झोपते. तिने घरी येऊन धणे भाजावेत असं सांगायची माझी छाती नाही. तिच्या त्या वाटीत जरा बरी चव यावी, एवढंच माझं काम आहे.

लोभ असावा, आणि राहिलेला जिन्नस असल्यास तोही असावा.

तुझी,
लवंगी

---

ता. ९ जुलै

चि. लवंगीस,

आईचे आशीर्वाद. तब्येतीस जप, रोज एक तरी फळ खा.

सूप कडू झालं हे वाचून मला वाईट वाटलं आणि खरं सांगते, थोडं बरंही वाटलं. सत्तावीस वर्षं मी हेच सांगते आहे. आम्ही वेगळं घर केलं तेव्हा वन्संनी मला हाच मसाला सांगितला होता, अगदी असाच, ओंजळी आणि मुठी. त्यांच्या घरी बसून, त्यांच्या ओंजळीने मी तो लिहून घेतला. घरी येऊन केला, कडू. पुन्हा केला, कडू. तुझे बाबा एक घास खाऊन म्हणाले की छान आहे, आणि दर रविवारी काही ना काही निमित्त काढून बहिणीकडे जेवायला जाऊ लागले. अजून जातात. म्हणे तिच्याकडच्या खिडकीची कडी बघायची आहे. सत्तावीस वर्षं एक कडी!

मी काय समजायचं ते समजले. हातचं राखून सांगायची एक कला असते, ती वन्संना साधलेली आहे. तेव्हापासून मी तयार मसाला आणते, राजरोस आणते, आणि रिकामं पाकीट कचऱ्याच्या टोपलीत वर दिसेल असं ठेवते. मी कुणाला फसवत नाही.

तुझ्या नोकरीचा प्रश्न आहे म्हणून त्या निदान तुला तरी खरं सांगतील असं वाटलं होतं. असो.

बाबा मजेत आहेत. गेल्या रविवारीही कडीच बघायला गेले होते.

आशीर्वाद आहेतच, ते मात्र मी कधी राखून देत नाही.

तुझी,
आई

---

ता. २० जुलै

चि. लवंगीस,

आशीर्वाद. अक्षर वेडंवाकडं आहे, त्याचं कारण पुढे येईल.

रविवारी दादा आला होता. तुझ्या आईने तुला काय लिहिलं ते त्याने मला सांगितलं नाही. मी त्याला तिसरी वाटी वाढायची थांबले, तेव्हा सांगितलं.

मी राखून ठेवलं? मी? ज्या बाईने वसतिगृहातून निघताना नव्या स्वयंपाकिणीला किल्ल्यांबरोबर आपलं लाटणंसुद्धा देऊन टाकलं, ती सख्ख्या भावजयीशी मेथीवरून लबाडी करेल? वहिनींना माझा मसाला जमला नाही, कारण मसाल्याला हात लागतो. आईच्या मागे तो हात मला आला. हे मी गर्वाने म्हणत नाही, लोक म्हणतात. वसतिगृहाच्या रेक्टरबाई निरोपाच्या भाषणात म्हणाल्या होत्या.

तरी मन खात होतं म्हणून दुसऱ्या दिवशी तीच यादी घेऊन, स्वतःला काही माहीत नाही असं समजून, नवा मसाला केला. जसा व्हायचा तसाच झाला. घड्याळजींनाही दिला, त्यांनी भांडं परत देताना आतून पुसून दिलं. म्हणजे यादी बरोबर आहे. मग रागारागाने खलबत्ता वर ठेवायला गेले, स्टूल हललं, आणि उजवं मनगट मुरगळलं. डॉक्टर म्हणतात सहा आठवडे वाटीसुद्धा उचलायची नाही. हे डाव्या हाताने लिहिते आहे, एका पत्राला तीन दिवस लागले.

तुला मी आता काहीएक पाठवणार नाही. ज्या घरात माझ्या शब्दावर भरवसा नाही, तिथे माझे धणे तरी कशाला? तुझी नोकरी जावी असं मला वाटत नाही, पण खोटं ठरून मी ती वाचवू शकत नाही.

लोभ आहे, पण सध्या दुखतो आहे.

आत्या

---

ता. २९ जुलै

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार, अगदी जमिनीवर पडून.

मनगट कसं आहे? बाबांना तेल घेऊन पाठवलं आहे. या वेळी कडीचं निमित्त नको, सरळ तुला बघायला जा असं सांगितलंय.

मी तुझ्या शब्दावर संशय घेतलेला नाही. मी माझ्या जिभेवर संशय घेते आहे. परवा मेथी निम्मी करून बघितली. कडूपणा गेला, पण चवही गेली, नुसतं कोमट मसुराचं पाणी राहिलं. पुरी घातली की कडू. मधे कुठे थांबायचं ते मला कळत नाही, आणि कागदावर तर तू एक माप म्हणतेस, काठोकाठ. बाई म्हणतात, अंदाजाने केलेलं सूप एकदा चांगलं होईल, पण पाकिटं लाखभर निघतात आणि प्रत्येकात तेच हवं. कुठल्या आकड्यावर बोट ठेवणार ते सांग, आणि तोच आकडा का, तेही सांग.

महिना राहिला आहे. जमलं नाही तर मी परत चिठ्ठ्या चिकटवीन, त्यात काही कमीपणा नाही. रडून झालं आहे माझं. पण एक सांगते आत्या, मी पाचवीत असताना आजारी पडून तुझ्याकडे राहिले होते आणि पंधरा दिवस फक्त ते सूप पीत होते, आठवतं? मला ते करता यावं असं फार वाटत होतं. पाकिटासाठी नंतर, आधी माझ्यासाठी.

पत्राचं उत्तर आलं नाही तरी लोभ आहे असंच मी धरून चालेन.

तुझी,
लवंगी

---

ता. ८ ऑगस्ट

चि. लवंगीस,

अनेक आशीर्वाद, मागचे राहिलेलेही यात धर.

दादा तेल घेऊन आला आणि दोन तास मनगट चोळत बसला. लहानपणी माझी वेणी ओढणारा माणूस. खिडकीच्या कडीला काही झालेलं नाही हे त्याने अखेर कबूल केलं.

दुसरी गोष्ट सांगायला मला लाज वाटते, म्हणून लवकर सांगून टाकते. हात बांधलेला, स्वयंपाक बंद. दोन दिवस पाव खाल्ला. तिसऱ्या दिवशी घड्याळजी जिन्याने वर आले, हातात वाटी, वर ताटली झाकलेली. पाकिटातलं सूप. ढवळलेलं किती मिनिटं ते मी विचारलं नाही. माझ्यासमोर बसून राहिले, डाव्या हाताने सांडेल म्हणून वाटी धरून ठेवली. चव काय होती सांगू? मीठ जास्त, धणे जुने, तिखट नुसतं रंगाला. पण गरम होतं, आणि माझ्यापुढे दुसऱ्या कुणी करून ठेवलेलं होतं. असं शेवटचं कधी झालं ते मला आठवेना. मी सगळं प्यायले आणि खिडकीकडे तोंड करून जरा रडले. ती तुझी नर्स मग मला कळली.

तेव्हा तुझं पाकीट चांगलं व्हायलाच हवं. निदान धणे तरी ताजे घाला म्हणावं.

आता मेथीचं. मी रात्रंदिवस डोकं खाजवलं. यादीत चूक नाही, हातात चूक नाही. राहिलं काय, माप. म्हणून मापच पाठवते आहे. चाळीस वर्षांत ते या घराबाहेर गेलेलं नाही, वसतिगृहाचा मसालाही मी घरीच करून न्यायची. घड्याळजींनी ते महागड्या घड्याळासारखं कापसात गुंडाळून दिलं. तुझ्या आईला दाखव आणि म्हणावं, हे बघ, हेच ते, यात काही लपवलेलं नाही. तूही मेथी घालून वजन कर आणि मग मला खोटी म्हण.

धरायला सोपं आहे. अंगठा बसायला एका बाजूला जागा केलेली आहे.

लोभ आहे. माप परत हवं आहे.

तुझी,
आत्या

---

ता. १३ ऑगस्ट

ती. आईस,

सा. न. आत्याचं माप आलं आहे. तुझं आणि तिचं, दोन्ही शेजारी ठेवून मी अर्धा तास नुसती बघत बसले होते.

तिच्या मापाला अंगठ्याची जागा केलेली नाही. पोचा आला आहे. जबरदस्त पोचा, बाजू पार आत गेलेली. ती इतकी वर्षं त्यात अंगठा ठेवून मेथी मोजते आहे आणि तिला वाटतं ते बनवणाऱ्यानेच तसं केलंय. तुझ्या मापात मेथी वीस ग्रॅम मावते, तिच्या मापात तेरा. मी तेरा ग्रॅमने सूप केलं. आई, पहिल्याच घोटाला मी पाचवीत गेले.

म्हणजे आत्याने काही राखून ठेवलं नव्हतं. एक माप म्हणाली, एकच माप घालत होती. तू पण एकच माप घालत होतीस. सत्तावीस वर्षं दोघी खरं बोलत होतात.

बाईंना आकडा मिळाला, पण तोच का, हे मला अजून सांगायचं आहे. जोडीची मापं, दोन्ही एकाच घरातली, मग एकालाच पोचा कधी आणि कसा आला? आत्या म्हणते चाळीस वर्षांत ते घराबाहेर गेलं नाही. तुला काही आठवतं का?

तुझी,
लवंगी

---

ता. १८ ऑगस्ट

वन्संना,

स. न. वि. वि. तुम्हाला मी किती वर्षांनी पत्र लिहिते आहे ते मोजत नाही, मोजलं तर धीर होणार नाही.

लवंगीने मला विचारलं आहे की मापाला पोचा कसा आला. तिला उत्तर देण्याआधी तुम्हाला द्यायला हवं.

मी त्या घरात येऊन अकरा दिवस झाले होते. माझ्या वडिलांनी मला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं, ते कुणी लावत नव्हतं. पेटीवर आडवं पडून टिकटिक करायचं. एका दुपारी घरात कुणी नव्हतं. मला ते घड्याळ उभं बघायचं होतं. हातोडी कुठे असते ते माहीत नव्हतं, आणि विचारायचं कुणाला? सासूबाईंना भीत होते आणि तुम्हाला त्याहून जास्त. चुलीपाशी ते पितळेचं माप दिसलं. जड होतं. त्याने खिळा ठोकला. तुमची गाळणी ज्या खिळ्यावर असते, तो वाकडा खिळा माझा आहे. ठोकणारी आडदांड मी. खिळा वाकला, माप आत गेलं, घड्याळ तर लागलंच नाही. माप मी पोचा भिंतीकडे करून ठेवून दिलं.

कुणी काही बोललं नाही. उलट पुढच्या महिन्यापासून मसाल्याची वाहवा होऊ लागली. सासूबाई म्हणायच्या, सूनबाईचा पायगुण, ती आली आणि मसाल्याचा कडवटपणा गेला. मला वाटायचं त्या माझी समजूत घालतात.

पुढे सामान वेगळं करताना भांडी मीच बांधली. दोन मापांतलं चांगलं मी घेतलं, पोचलेलं तुमच्याकडे ठेवलं. मुद्दाम. आणि घरी येऊन मसाला कडू झाला तेव्हा म्हटलं, वन्संनी मला फसवलं.

वन्सं, तुम्ही काही राखलं नव्हतं. जे राखलं ते मी.

लोभ मागायचा मला हक्क नाही, तरी मागते.

वहिनी

---

ता. १ सप्टेंबर

ती. आत्यास,

सा. न. वि. वि., आणि आज विनंती काही नाही, नुसती बातमी.

काल मोठ्या बाईंनी सूप चाखलं. मग बसल्या. त्या कधी बसत नाहीत, सगळं उभ्याने चाखतात. वाटी संपवली आणि विचारलं की मेथी तेराच का, बारा किंवा चौदा का नाही. मी दोन्ही मापं टेबलावर ठेवली आणि आईने मला कळवलेलं, घड्याळापासून कडीपर्यंत सगळं सांगितलं, कारण दुसरं शास्त्रीय कारण माझ्याकडे नव्हतं. बाईंनी तेरा ग्रॅमचं पिऊन झाल्यावर वीसचं मागवलं, एक चमचा घेतला, आणि म्हणाल्या की माझ्या वडिलांना त्या कळवणार आहेत, की सत्तावीस वर्षं दर रविवारी त्यांनी जे केलं ते समजण्यासारखं आहे.

मी कायम झाले, आत्या. पगारापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे मला स्वतःची शेगडी मिळाली. तिच्यामागे भिंतीत मी एक खिळा ठोकून घेतला आहे. सरळ गेला, पण चालवून घेऊ.

पाकिटावर अस्सल घरच्या हाताची चव असं छापायचं ठरतं आहे. तुझी हरकत असेल तर आत्ताच कळव. पहिलं पाकीट शेजारच्या नर्सला दिलं. तिने उभ्यानेच फाडलं, पण बसून प्यायली. ताजे धणे घातले आहेत, तुझी अट म्हणून.

आईचं माप तिच्याकडे परत पाठवलं, तुझं बाबांबरोबर रविवारी येतंय. आता त्यांना निमित्त खरं आहे.

लोभ तेरा ग्रॅम नको, ओंजळीने दे.

तुझी,
लवंगी

---

ता. ६ सप्टेंबर

ती. सौ. वहिनींस,

सा. न. मनगट सुटलं आहे. उजव्या हाताने पहिलं पत्र तुम्हालाच लिहिते आहे.

तुमचं पत्र वाचून पहिले दोन दिवस मी भयंकर संतापले होते. तुम्ही आरोप केलात म्हणून नाही. ज्या हाताच्या चवीवर मी जन्मभर मिरवले, ती चव माझ्या हाताची नव्हती म्हणून. रेक्टरबाईंचं भाषण, दोनशे मुली, सगळं तुमच्या पोच्याचं. आईचा मसाला तुम्ही यायच्या आधी कडू असायचा, हे मला आता स्वच्छ आठवलं. आम्ही सगळे तो निमूटपणे गिळायचो आणि वर छान म्हणायचो. दादाला ती सवय तिथूनच आहे. लवंगीला कळवलंय, की पाकिटावर हात वगैरे काही छापू नका, छापायचंच असेल तर वहिनींचं नाव छापा.

तिसऱ्या दिवशी राग गेला आणि दुसरंच काही मनात आलं, ते अजून जात नाही. हातोडी ओट्याखालच्या लाकडी खोक्यात होती. तुमच्यापासून चार पावलांवर. तुम्ही विचारलं असतंत तर मी दिली असती, असं लिहिणार होते. पण तुम्ही विचारावं असं तोंड मी तेव्हा ठेवलं होतं का? मी कामावरून यायची ती रागातच यायची. अकरा दिवसांत मी तुमच्याशी काय बोलले ते आठवून पाहिलं. काही आठवलं नाही. बहुतेक बोललेच नव्हते. त्याचं मला फार वाईट वाटतं, वहिनी. मेथीचं काही नाही हो.

दादा आज माप घेऊन आला आणि जेवून गेला. पुढच्या रविवारी त्याला इकडे येऊ देऊ नका, मी तिकडे येते आहे. घड्याळजीही येतील, त्यांना तुमचं ते घड्याळ दुरुस्त करायचं आहे. दादा सांगत होता, ते अजून पेटीत बंद पडून आहे. येताना मी तो वाकडा खिळा भिंतीतून उपटून आणते आहे. तुमचं ते चांगलं माप काढून ठेवा. हातोडी आणत नाही. ज्या मापाने ठोकला होतात त्याच्या जोडीदारानेच परत ठोका, चांगला जोर लावून, पोचा पडेपर्यंत. मी शेजारी उभी राहून घड्याळ धरते.

लोभाचा हक्क विचारलात. तो तुमचाच आहे, पहिल्या दिवसापासूनचा. द्यायचा माझ्याकडून राहिला होता.

तुमची,
वन्सं